दुसरी खाच

"मावशी, पेन संपलं."

रविवारी सकाळी साताऱ्याहून भाचीचा फोन. पोहे भिजवून ठेवले होते, मी कांदा चिरत होते, म्हणून फोन स्पीकरवर.

"संपलं म्हणजे? हरवलंस?"

"हरवलं नाही गं. संपलं. उमटतच नाहीये."

"मग शाई भर की."

"कशात?"

माझी सुरी थांबली. शाईचं पेन संपतं हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. शाई संपते, टोपण हरवतं, आटे झिजून पेन गळायला लागतं, बाकावरून पडताना नेमकं निबेवरच आपटतं. एवढं सगळं होऊनही ते 'संपलं' असं कुणी म्हणत नाही. संपतं ते बॉलपेन. पण पोरीचा 'कशात?' अगदी रास्त होता. तिच्या पेनात शाई भरायला जागाच नव्हती.

दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून ते पेन मीच तिला दिलेलं. ताईचं म्हणणं होतं, पैसे दे, कपडे घेईल. मी ठणकावून सांगितलं की आपल्या घरात दहावीनंतर पेन द्यायची पद्धत आहे. ही पद्धत आमच्या घरात एकूण एकदा पाळली गेली आहे. मला बाबांनी दिलं होतं तेव्हा. ताईला घड्याळ मिळालं होतं आणि ते तिच्या लक्षात आहे.

दोन हजारांच्या वर मोजले होते. त्यातले निम्मे तरी पेटीचे असावेत. काळा जाड पुठ्ठा, टक्‌ करून बसणारं चुंबकाचं झाकण, आत मखमलीसारखं कापड आणि त्यात पेनाच्या मापाची खाच. तिच्या शेजारी आणखी एक खाच होती, करंगळीएवढी, रिकामी. दुकानात ती मला दिसलीही होती. मला वाटलं, शोभेची असेल. दागिन्यांच्या डब्यात नाही का, आपल्याकडे नसलेल्या अंगठ्यांसाठीसुद्धा जागा असते, तसं.

"पेन मधून उघड," मी फोनवर म्हटलं. "आत प्लॅस्टिकची छोटी नळी दिसते?"

"हो. रिकामी."

"तेच काडतूस."

"काय??"

आता मी तरी काय करणार! कार्ट्रिज आणि काडतूस हे एकाच घरातले शब्द. काडतूस पोर्तुगिजांबरोबर आलं आणि बंदुकीत जाऊन बसलं, कार्ट्रिज इंग्रजांबरोबर आलं आणि पेनात शिरलं. भाचीला व्युत्पत्तीत काडीचा रस नव्हता. उद्या तिला फिजिक्सचं जर्नल पूर्ण करायचं होतं. "मग आता बॉलपेनने लिहू?" तिने विचारलं, आणि त्या आवाजात मला जरा सुटकेची छटा ऐकू आली.

त्या काडतुसात शाई मावते किती? छोट्या आकाराचं असेल तर जेमतेम ०.८ मिली. चहाचा चमचा पाच मिलीचा धरला तर त्याचा सहावा हिस्सा. अकरावी सायन्सची मुलगी तेवढी शाई एका आठवड्यात आकृत्यांना नावं देण्यातच संपवते.

आमच्या पेनांना हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण ती पेनं म्हणजे नुसतं पोट होती. पुढचा भाग फिरवून काढायचा, ड्रॉपरने गळ्यापर्यंत शाई ओतायची, पुन्हा फिरवून बसवायचा. दोन-तीन मिली सहज जायची. पाचवीत शाईचं पेन हातात आलं आणि त्याबरोबर रविवारचं एक कामही आलं. बाबा मोरीजवळ पाट घेऊन बसायचे. आमची आणि स्वतःची पेनं उघडून, निब आणि तिच्याखालची, शाई निबेपर्यंत पोचवणारी जिभली ओढून काढून वाटीभर कोमट पाण्यात टाकायचे. पाण्यात आधी एक निळा धागा उतरायचा, मग त्याचा धूर व्हायचा, मग वाटी काळीनिळी. दाढीच्या जुन्या ब्लेडचं टोक निबेच्या चिरेतून हलकेच फिरवायचं, जिभलीच्या खाचांतली वाळलेली शाई खरवडायची, सगळं फडक्याने पुसायचं. मग उंटाचं चित्र असलेली कॅमलची बाटली उघडायची. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईचा उद्योग काढला तेव्हा घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या विकायचे म्हणे. आमच्या घरात तोवर घोडा जाऊन उंट आला होता. ड्रॉपरच्या रबरी फुग्याला चिरा पडलेल्या असायच्या, त्यामुळे शाई वर चढायची आणि पेनापर्यंत पोचायच्या आत सांडायची. मोरीच्या फरशीवरचे ते ठिपके घर विकेपर्यंत तिथे होते.

शाळेत शाई उसनी मिळायची. आपल्या पेनाची निब मैत्रिणीच्या उघड्या पेनात धरायची आणि झटके देत थेंब सोडायचे. पाच थेंब, सात थेंब. ती उधारी लक्षात ठेवली जायची. बाकावर सांडली तर खडू आडवा लावायचा. खडू शाई पीत जायचा आणि त्याच्या पोटात निळी रेघ हळूहळू वर चढायची. भूगोलाच्या तासाला ती चढण बघण्यात माझा बराच भारत देश राहून गेला.

या पेनांचा गुण गाताना त्यांची खोडही सांगायला हवी. ती ओकायची. शाई अर्ध्याच्या खाली गेली की वर हवा साठते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि खालच्या शाईला ढकलते. निबंध रंगात आलेला असताना टप्पकन एक मोठा थेंब वहीवर. मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमकं परीक्षेत, हे जास्त. मधल्या बोटाच्या पेरावर निळा डाग नाही असा हात आमच्या वर्गात नव्हता. काडतुसाभोवती किंवा कन्व्हर्टरभोवती, म्हणजे काडतुसाच्या जागी बसवून बाटलीतली शाई ओढायच्या नळीभोवती, पेनाचं आणखी एक कवच असतं, मध्ये हवेचा थर असतो आणि शाईही थोडी, म्हणून ती पेनं असं सहसा करत नाहीत. हे मान्य करायला मला जड जातं, पण खरं आहे.

तर, कन्व्हर्टर.

भाचीकडून पेन मागवून घेतलं आणि मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेले. ओळखीच्या दुकानातले काका पेन हातात घेतात तेव्हा आधी निब बघतात, मग माणूस. त्यांनी पेन उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "पंप नाही का दिला?"

पंप! किती सरळ शब्द. कन्व्हर्टर म्हटलं की इलेक्ट्रिकच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं.

"नाही दिला. खाच दिलीय."

"मग वेगळा घ्यावा लागतो, ताई."

"पंपाशिवाय पेन विकतातच कसं?"

"मी कुठं विकलं?" काका म्हणाले. ते खरंच होतं. पेन मी मॉलमधल्या एका चकचकीत दुकानातून घेतलं होतं, काकांना सोडून, आणि तेही त्यांना कळून चुकलं होतं.

त्यांनी एक पंप काढून दिला. बसवला तर सैल. दुसरा काढला, तो शिरेचना. त्यावर काकांनी मला जे शिकवलं ते असं. पेनाच्या मानेत एक बारीक नळी असते, तिच्यावर पंपाचं तोंड घट्ट बसावं लागतं. या तोंडाचं एक माप आहे, त्याला म्हणतात आंतरराष्ट्रीय. पेलिकनसारख्या बऱ्याच युरोपीय कंपन्या ते पाळतात. मात्र पार्करचं माप वेगळं, लॅमीचं वेगळं, शेफरचं आणखी वेगळं. जपानात पायलट, प्लॅटिनम आणि सेलर या तीन भावांच्या तीन चुली. इतकं झाल्यावर जे उरतं त्याला आंतरराष्ट्रीय म्हणायचं. भाचीच्या पेनाच्या कंपनीचीही स्वतःची चूल होती. पंप मागवावा लागणार होता. किंमत चारशे ऐंशी, आठ-दहा दिवस लागतील.

परतताना बसमध्ये माझा राग मुरत गेला. चारशे ऐंशी हे कारण नव्हतंच. खाच का दिली, हा प्रश्न होता. आमच्या भाजीवालीकडे दीडशेची भाजी घेतली की ती न सांगता कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या पिशवीत टाकते. पाणीपुरीवाला शेवटची सुकी पुरी देतोच. त्या पुरीचे पैसे आधीच्या सहा पुऱ्यांत वसूल झालेले असतात हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही, तरी ती पुरी मिळाली नाही तर माणूस गाडीपुढून हलत नाही. आणि इथे तर मी सुकी पुरी मागतच नव्हते. मला पाणी न घातलेली पाणीपुरी विकली होती.

गंमत अशी की पेनाच्या इतिहासात बराच काळ हा प्रश्न उद्भवलाच नाही. वॉटरमनने १८८४ साली आपल्या फाऊंटन पेनाचं पेटंट घेतलं तेव्हा ड्रॉपरच होता. त्यानंतर जो तो या एकाच कोड्यामागे लागला, की ड्रॉपरशिवाय शाई आत कशी ओढायची. शेफरने पेनाच्या बाजूला एक तरफ बसवली. ती उचलली की आतली रबरी पिशवी दबते आणि सोडली की शाई पिते. १९२९ साली पेलिकनने पेनाची शेपटी फिरवून दट्ट्या वरखाली होईल अशी सोय केली. पार्कर ५१ ला १९४८ मध्ये दाबायची पिशवी आली, आणि तिचीच चिनी भावंडं म्हणजे आपल्याकडे घरोघरी पोचलेली हिरो पेनं. माझ्या आत्याकडे होतं तसलं एक. बाटलीत तोंड बुडवून धातूची पट्टी पाच-सहा वेळा दाबायची, बुडबुडे ऐकायचे. या सगळ्या पेनांत शाई भरायची सोय हीच तर जाहिरातीची गोष्ट होती. ती वेगळी विकायचं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

मग काडतुसं आली आणि पेनाचं पोट रिकामं झालं. १९६० चं पार्कर ४५ काडतुसावर चालायचं, आणि ज्यांना बाटली सोडवत नव्हती त्यांच्यासाठी काडतुसाच्या जागी बसणारा पंपही होता. काडतुसाच्या पेनाचं रूपांतर बाटलीच्या पेनात करतो म्हणून तो कन्व्हर्टर. म्हणजे आधी पोट काढून घेतलं आणि नंतर ते सुटं विकायला ठेवलं.

काडतुसाला मी सरसकट शिव्या देणार नाही. त्याच १९६० साली जर्मनीत पेलिकनने शाळकरी मुलांसाठी पेलिकानो काढलं, आणि तिथल्या मुलांच्या पिढ्या काडतुसाच्या पेनांनी लिहायला शिकल्या. दप्तरात दौत न्यावी लागत नाही, हा केवढा फायदा आहे ते माझ्या सहावीच्या दप्तराला विचारा. इतिहास, नागरिकशास्त्र आणि डब्यातली पोळी, तिन्ही एकाच रंगाची झाली होती. शिवाय काडतुसाच्या तोंडाशी एक इवलीशी गोळी असते, ती आत ढकलली गेली की शाई सुटते. रिकामं काडतूस हलवलं की ती खुळखुळते. असं खेळणं कुठल्या मुलाला आवडणार नाही!

पण हिशोब करून बघा. कॅमलची बाटली ६० मिलीची. ०.८ मिलीची काडतुसं म्हटली तर ती एक बाटली म्हणजे पंचाहत्तर काडतुसं. पंप असला की पेनाला ही बाटली चालते, पलीकडच्या दुकानातली दुसरी चालते, कुणी परदेशातून आणलेली जांभळी चालते. पंप नसला की पेन त्याच कंपनीच्या पाकिटाकडे तोंड करून बसतं आणि ते पाकीट साताऱ्यात मिळत नाही. पुण्यातही मला दोनच रंगांत मिळालं. वर्गात कुणाकडून पाच थेंब घ्यायचीही सोय नाही, उसनं काडतूस मिळालं तरी तोंडाचं माप जुळायला हवं.

हे सगळं मी घरी ऐकवत होते तेव्हा भाऊजी म्हणाले, "अगं, आता फोनबरोबर चार्जरसुद्धा देत नाहीत." हा युक्तिवाद आहे की सांत्वन, हे मला अजून कळलेलं नाही. पण ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं मात्र मला अडवून गेलं. त्याला पेनांचा नाद आहे. त्याने खण उघडून दाखवला. एका पाकिटात नुसते पंप. अकरा. "हे सगळे पेनांबरोबर आलेले. मी एका वेळी चार पेनं भरतो. बाकीचे नुसते पडून. किंमत पेनात धरलेलीच असते. नका देऊ ना मला, दोनशे कमी करा." यात खोट काढता येत नाही. ज्याला काडतूसच हवं त्याने पंपाचे पैसे का द्यावेत? प्लॅस्टिकचा आणखी एक तुकडा जगात कशाला?

त्यावर मी दोन दिवस विचार केला (ऑफिसच्या वेळेत) आणि तिसऱ्या दिवशी त्याला एवढंच विचारलं, की तुझं पहिलं पेन आलं तेव्हा हा खण होता का? पेटी उघडणाऱ्याकडे खण असतो हे कंपनीने गृहीत धरलं आहे. पण पेटी कुणाच्या हातात जाते? नुकतीच दहावी झालेल्या मुलीच्या, निवृत्त होणाऱ्या मास्तरांच्या, मुंज झालेल्या मुलाच्या. शाईचं पेन आता फार करून भेट म्हणूनच फिरतं. घेणाऱ्याला पंप नावाची वस्तू असते हेच माहीत नसतं, देणाऱ्याला बिल विसरायचं असतं. पहिलं काडतूस संपतं, पेन खणात जातं, आणि तिथे निबेवर शाई वाळून त्याचा शेवट होतो. अशी किती पेनं किती खणांत असतील! सहकारी हसला आणि त्याने मला पाकिटातला एक पंप देऊ केला. तोही बसला नाही.

स्वस्त पेनांकडून माझी काही अपेक्षा नाही. प्लॅटिनमचं प्रेपी घ्या, त्याचा पंप पेनापेक्षा महाग पडतो. तो सोबत द्या म्हणणं म्हणजे दहा रुपयांच्या चहाबरोबर कपबशी घरी द्या म्हणण्यासारखं. लोकांनी त्यावर झकास तोड काढली आहे. आट्यांवर रबराची एक बारीक रिंग चढवायची, थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि पेनाच्या पोटातच शाई ओतायची. म्हणजे फिरून आमचं पाचवीचं पेन. आपल्याकडची हाताने घडवलेली एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची पेनं तर अजूनही बरीचशी याच जातीची. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेलं स्वदेशी पेन गांधीजींना मिळालं आणि १९३५ साली त्यांनी पोच दिली, तेव्हा त्या पेनात कमी असं काहीच नव्हतं, कारण लागत काहीच नव्हतं. ड्रॉपर काय, कुठल्याही घरात सापडतो.

पण हजाराच्या वर गेलेल्या पेनाबद्दल मी तडजोड करणार नाही. पंप आतच हवा. त्या चुंबकाच्या झाकणाच्या पैशात आला असता.

मधल्या आठ-दहा दिवसांचं काय, तर पेन परत पाठवून मी भाचीला मेडिकलमधून इंजेक्शनची सिरिंज आणायला सांगितलं. रिकामं काडतूस धुवायचं, सिरिंजने त्यात बाटलीतली शाई भरायची, झालं. हे सांगताना मला मी फार हुशार वाटले होते. मेडिकलवाल्याने विचारलं, "कुणासाठी?" ती म्हणाली, "पेनासाठी." पुढच्या पाच मिनिटांत ताईला फोन गेला, आणि त्यानंतरच्या मिनिटात ताईचा मला.

"काय शिकवतेस तिला?"

"शाई भरायला."

"सुई टोचून?"

गणपतीला सगळे पुण्यात आले तोवर पंप आला होता. मोदकांची पिठी मळून झाकून ठेवली होती, तेवढ्या वेळात आम्ही दोघी मागच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसलो. पंप मानेवर दाबला तेव्हा बारीकसा 'टिक' झाला. भाचीने निब बाटलीत बुडवली आणि पंपाची शेपटी फिरवायला लागली. आधी नुसते बुडबुडे. मग पारदर्शक नळीत निळी पातळी वर आली, पण वरच्या अंगाला हवेचा एक मोठा फुगा तसाच. "आता निब वर करून हवा बाहेर काढ, आणि पुन्हा बुडव." दुसऱ्या खेपेला नळी जवळजवळ भरली. "आता उलटं फिरवून तीन थेंब परत बाटलीत." तिने पाच सोडले. निब पुसायला दिलेल्या फडक्याऐवजी अंगठा वापरला, आणि अंगठा नखाच्या कडेपर्यंत निळा झाला.

तिने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आपलं नाव लिहिलं. मग माझं. मग मेडिकलवाल्या काकांचं, आणि त्यावर काट मारली.

आतून ताईने हाक मारली, पाऱ्या करायला या म्हणून. भाचीने दोन वेळा साबण लावला, लिंबू चोळलं, तांदळाची पिठी चोळली. अंगठा निळाच. ताईने तिला मोदकांच्या परातीजवळ फिरकू दिलं नाही. पोरीने नारळ खवायचा आधीच कंटाळा केला होता, त्यामुळे तिची काही तक्रार नव्हती. ती टेबलापाशी जाऊन बसली आणि पेन पेटीत ठेवायला लागली. मी मोदकाला कळ्या काढता काढता बघत होते.

पेन आपल्या खाचेत गेलं. शेजारच्या खाचेत तिने सिरिंज ठेवली. किंचित लांब होती, तिरकी केल्यावर बसली.